परक्या मैदानावरचा हलगीवाला

त्या सामन्यानंतर जे घडलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. गोल कुणी मारला हे मात्र मला त्या दिवशीही ठाऊक नव्हतं. बंदोबस्तावरचा पोलीस मैदानाकडे पाठ करून उभा असतो. त्याने माणसं बघायची असतात.

मी तेव्हा कोल्हापूर शहराला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याची प्रभारी होते. फुटबॉलचे मोठे सामने एरवी शहरातल्या मैदानावर होतात. तिथे दोन्ही बाजूंच्या समर्थकांच्या जागा ठरलेल्या, यायच्या-जायच्या वाटा ठरलेल्या. त्या वर्षी मैदानाचं काम निघालं आणि शहरातल्या एका तालमीचा, म्हणजे पेठेतल्या मंडळाचा, संघ माझ्या हद्दीतल्या गावात, गावच्या संघाशी खेळायला आला. सोबत जांभळ्या जर्सी घातलेले समर्थक टेंपो भरभरून आले, सगळ्यांत पुढे हलगी. मैदानाच्या तीन बाजूंना गावच्या पिवळ्या जर्सी. पाहुण्यांना दिली होती चौथी बाजू. तिच्या मागे ऊस, उसामागे ओढा. ती जागा मला पटली नव्हती. पळायची वेळ आली तर वाट उसातूनच होती.

सामना संपता संपता पाहुण्यांनी गोल केला. हलगी कडाडली. पहिला दगड कुठून आला ते कळलं नाही, पण त्यानंतर सगळीकडून येऊ लागले. आम्ही सौम्य लाठीमार करून गर्दी पांगवली आणि पाहुण्यांना टेंपोत कोंबून गावाबाहेर काढलं. दिवस अजून बराच वर होता. मी वायरलेसवर परिस्थिती नियंत्रणात असल्याचं कळवलं.

ठाण्यात पोचते तो एका बाईचा फोन. पाहुण्यांच्या हलगीवाल्याची बायको. टेंपोतून सगळे उतरले होते, तिचा नवरा उतरला नव्हता. त्याचा मोबाईल बंद होता. बाई रडत नव्हती, ओरडत होती.

"मॅडम, हितं तालमीम्होरं पोरं गोळा झाल्यात. काठ्या काढल्यात. म्हणत्यात, मारून टाकला त्याला. तुमी कायतर बोला की!"

दिवस मावळायच्या आत तो माणूस जिवंत दाखवला नाही, तर ती पोरं मोटारसायकलींवरून गावावर येणार. गाव तयारच बसलं होतं. मग एका माणसाचा प्रश्न उरणार नव्हता. मी जादा कुमक मागितली. ती यायला वेळ लागणार होता.

तेवढ्यात ठाण्याच्या फोनवर एका पुरुषाचा आवाज आला, दबका.

"वड्याच्या कडंच्या गुऱ्हाळात बघा. भोंगा वाजवू नगासा."

नाव विचारेपर्यंत फोन बंद.

हवालदार आणि दोन शिपाई घेऊन निघाले. बावीस वर्षांच्या नोकरीत प्रेतं बरीच बघितली होती, पण या वेळी प्रेत तरी हाती लागेल का, याची खात्री नव्हती. गुऱ्हाळात काहील असते, भलीमोठी कढई, तिच्यात रस उकळत असतो. आणि तिच्याखाली चुलवाण, दिवसभर पेटलेलं. हवालदाराने माझ्याकडे बघितलं. तोही तोच विचार करत होता.

गुऱ्हाळात आमच्या आधीच गावची पिवळी पोरं पोचली होती. हातात उसाची दांडकी, काहींच्या हातात लोखंडी गज. गुऱ्हाळाचा मालक, पन्नाशीचा आडदांड माणूस, काहिलीजवळ उभा. मी चुलवाणाच्या तोंडाशी वाकले. राखेच्या कडेला जांभळ्या कापडाची एक बाही पडली होती, वितळून आकसलेली. बाकीची जर्सी आत गेली होती.

"ही कुणाची?"

"ठावं न्हाय," मालक म्हणाला.

"आत कोण आलं होतं?"

"कोण न्हाय आलं. मी सकाळधरनं हितंच हाय."

"जर्सी काय चालत आली?"

एक पोरगा खिदळला. "मॅडम, पाव्हण्यांस्नी गरम व्हायलंतं, काढून टाकली आसंल."

बाकीचे हसले. मी मालकाला दरडावलं, कोठडीत टाकण्याची भीती घातली, आवाज चढवला. तो माझ्या नजरेला नजर देऊन पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मला वाटलं, संपलं. आता चुलवाण विझवायचं आणि राख चाळायची.

तेव्हा मला हलगी दिसली. चुलवाणापासून जरा लांब, विटेला टेकवून, चामड्याची बाजू आगीकडे करून ठेवलेली. मी टिचकी मारली. टणकन वाजली. हलगी वाजवण्याआधी शेकतात, म्हणजे चामडं ताणतं. पण शेकणाऱ्याला ती सतत फिरवावी लागते, नाहीतर तडकते. ही नुकतीच कुणीतरी फिरवलेली होती.

"ही कुणाची?"

"आमच्या जाळ घालणाऱ्या गड्याची," मालक म्हणाला. या एका वाक्याला त्याचा आवाज खाली आला.

माणूस मारून पुरावा जाळणारा हलगी आधी आगीत घालील. लाकूड आणि चामडं, क्षणात जळतं. इथे जर्सी जाळली होती आणि हलगी जपली होती. म्हणजे वाजवणारा जिवंत होता, आणि हलगी सोडून तो लांब जाणार नव्हता, इथेच होता. मालक मला खोटं सांगत नव्हता. तो त्या पोरांना ऐकवत होता. आणि मी मूर्खासारखी सगळ्यांच्या देखत त्याला खरं बोलायला लावत होते. तो चुकून खरं बोलला असता, तर आम्हा चौघांना त्या गजांपुढे काही करता आलं नसतं.

पोरांना हाकलायला लाठी लागली नाही. मी हवालदाराला मोठ्याने म्हणाले, "पंचनामा करायचाय. यातले दोन पंच घ्या. नाव, पत्ता, आधार कार्ड. कोर्टात साक्षीला यावं लागेल म्हणून सांगा."

गज खाली पडले. एकाला म्हैस आठवली, एकाला क्लास. बघता बघता गुऱ्हाळ रिकामं झालं. ही युक्ती मी अनेकदा वापरली आहे आणि ती कधीही वाया गेलेली नाही.

मालकाने बाहेर डोकावून खात्री केली आणि पिळलेल्या उसाच्या वाळलेल्या चिपाडांच्या ढिगाला पायाने ढोसलं. "नीघ भाईर."

ढीग हलला. उघडाबंब, डोक्याला चिंधी बांधलेला, चिपाडांनी ओरबाडलेला माणूस बाहेर आला आणि आधी हलगीकडे गेला.

"जास्त शेकलीसा की वो!" तो मालकाला म्हणाला.

"बघा मॅडम," मालक वैतागून म्हणाला. "पोरं हुडकत यायच्या आदी ह्याला आमचा पिवळा शर्ट दिलाता. घालून गुमान चालत गेला आस्ता. घालंना! म्हून ह्याची जर्सी जाळली आन् ह्याला गाडला."

"मेलो आस्तो तरी घाटला नस्ता," हलगीवाला म्हणाला.

"मग मर की. माझ्या गुऱ्हाळात कशाला मरतूस?"

फोन मालकानेच केला होता. मी आभार मानायला लागले तर त्याने हात जोडले. "आबार नगंत. मला गाडीत घाला. शिव्या घाला, चांगल्या मोठ्यानं. नुस्तं निगून गेलासा, तर ही पोरं मला राहू देतील व्हय?"

मी घातल्या. कॉलर धरून त्याला गाडीत बसवलं. हलगीवाला घोंगडं पांघरून मागच्या सीटखाली आडवा. मागे काहील तशीच उकळत राहिली. ती करपणार हे मालकाला माहीत होतं. त्याने वळून बघितलं नाही. गावातून बाहेर पडेपर्यंत गाडीवर दोनदा थापा पडल्या. सीटखालच्या माणसाचा श्वास मला ऐकू येत होता.

मालकाला ठाण्यात बसवलं आणि शहरात गेलो. तालमीसमोरचा रस्ता मोटारसायकलींनी भरला होता, इंजिनं चालू. हलगीवाला उतरला तसा गलका झाला.

"कुणी मारलं? नावं सांग!"

त्याने एक नाव घेतलं असतं तर गाव पेटलं असतं. आणि वाचवणाऱ्याचं कौतुक केलं असतं, तर रात्रीच्या आत ते गावात पोचलं असतं.

"कुणी न्हाय मारलं," तो म्हणाला. "पळताना वड्यात पडलो. डोकं फुटलं."

"आन् जर्सी?"

त्याने घोंगडं अंगाशी आवळलं. "गेली वड्यात व्हावून."

"व्हावून गेली? का दिऊन आलास त्यास्नी?" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. त्याचा चेहरा काळवंडला, पण त्याने गुऱ्हाळाचं नाव काढलं नाही.

बायको पुढे आली. तिने त्याच्या पायांकडे बघितलं. "वड्यात पडलास आन् चप्पल कोरडी?"

माझ्यापेक्षा चांगली पोलीस होती ती. मी मध्येच म्हणाले, "ताई, टाके घालायचेत. आधी दवाखाना." तिने माझ्याकडे रोखून बघितलं, त्याचा दंड धरला आणि गर्दीतून नेलं. हळूहळू इंजिनं बंद झाली.

दगडफेकीचा गुन्हा आम्ही चित्रफिती बघून वेगळा दाखल केला. गुऱ्हाळाचा मालक आणि हलगीवाला यांचे जबाब घेतले, तेव्हा दोघांनीही काही पाहिलेलं नव्हतं. मी जोर केला नाही.

त्या दिवसापासून मी चार लोकांच्या देखत कुणालाही प्रश्न विचारला नाही. माणूस पोलिसाला घाबरतो त्याहून जास्त स्वतःच्या माणसांना घाबरतो. घटनास्थळी पोचल्यावर पहिली बघ्यांची गर्दी हटवायची, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. त्या दुपारी दोन बाजूंची दोन माणसं आपापल्या लोकांसमोर खोटं बोलली. एकाची काहील करपली, दुसऱ्याची तालमीत नाचक्की झाली. म्हणून मला एकही प्रेत उचलावं लागलं नाही.