थांबाजी आणि चाळिशीचं ऑइल

गाडी आजारी पडली की माणूस घाईत असतो, आणि त्या गॅरेजात घाईतल्या माणसाच्या कानावर पहिला शब्द पडायचा तो ‘थांबा’. त्याला ‘जी’ कुणी आणि कधी जोडला ते आता कुणालाच आठवत नाही. पण गेली तीस-बत्तीस वर्षं त्या मेस्त्रींना सगळे थांबाजीच म्हणतात. त्यांची बायकोही म्हणते, ते समोर नसताना.

त्यांच्या सुनेला मात्र त्या शब्दाचं वावडं होतं. ती रुग्णवाहिका चालवते, आणि त्या नोकरीत थांबून चालत नाही. तिचा नवरा ग्रंथालयात नोकरीला. गाडीचा काटा साठावर गेला की त्याच्या कपाळाला घाम फुटतो. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, “मुलगा बापावर जातो म्हणतात. आमच्याकडे सून गेली.”

त्या वर्षी शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवरच्या ड्रायव्हिंग शाळेने एक जागा काढली. रुग्णवाहिका आणि आगीचे बंब चालवणाऱ्यांना वेगात गाडी कशी सांभाळायची हे शिकवणारा प्रशिक्षक हवा होता. परीक्षा सरळ होती. स्वतःची गाडी आणायची, सलग वीस फेऱ्या ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या आणि गाडी धडधाकट परत आणायची. बॉनेट उघडायची वेळ आली की उमेदवार बाद. उरलेल्यांत ज्याची वेळ सगळ्यात कमी, त्याची जागा. वयाची अट पस्तिशीच्या आतली, आणि सुनेला चौतीस पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. परीक्षा येत्या रविवारी, पुढची थेट वर्षाने. म्हणजे हा रविवार गेला की जागा गेली ती कायमची. गाडी घरात एकच होती. तिचं इंजिन थांबाजींनी स्वतःच्या हाताने उघडून पुन्हा बांधलेलं होतं.

बुधवारी ती सरावाला गेली. सातव्या फेरीला ऑइलच्या प्रेशरचा लाल दिवा लुकलुकला. आठव्या फेरीलाही लुकलुकला. नवव्या फेरीआधीच तिने गाडी बाहेर काढली. तिथल्या चौघांनी चार तोंडांनी एकच निदान केलं : ऑइल तापून पातळ पडतंय, सगळ्यात जाड ऑइल घाल. परतीच्या वाटेवर तिने डबा घेतला. दुकानदार म्हणाला, “ताई, रेसवाले हेच नेतात. जाड ऑइल म्हणजे इंजिनाला चिलखत.”

संध्याकाळी तिने तो डबा गॅरेजातल्या बाकावर ठेवला. थांबाजी हात पुसत आले आणि त्यांनी चष्मा वर करून डब्यावरचा आकडा वाचला.

“साठीचं?”

“हो बाबा. आपल्या गाडीत तिशीचं आहे. ते पातळ पडलं. दिवा लागला.”

“दिवा लागला हे तू पाहिलंस. पातळ पडलं हे कुणी पाहिलं?”

सुनेने डब्याकडे पाहिलं. ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला, ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो आणि दुसरा, तापल्यावर किती जाड राहतं ते. गॅरेजात या दुसऱ्या आकड्यावरूनच तिशीचं, चाळिशीचं, साठीचं अशी भाषा चाले.

“हे बघ,” थांबाजी म्हणाले, “साठीत मी आहे. सकाळी उठून हातपाय चालू व्हायला मला किती वेळ लागतो ते तुझ्या सासूला विचार. या इंजिनात भाग एकमेकांना इतके घट्ट बसवलेत की मधल्या फटीत केस मावायचा नाही. तिथे साठीचं ऑइल शिरेपर्यंत धातूवर धातू घासून मोकळा होईल.”

“पण बाबा, सगळेच म्हणत होते.”

“सगळ्यांची इंजिनं मी बांधली नाहीत.” त्यांनी खिशातून खडू काढला. “थांब. मला ट्रॅक काढून दाखव.”

ही त्यांची जुनी रीत. गाडी कुठे बिघडली हे गाडीला विचारण्याआधी ते चालवणाऱ्याला विचारत, आणि तेही जमिनीवर काढायला लावून. सुनेला घाई होती, रात्रपाळी होती, तरी तिने गुडघ्यावर बसून फरशीवर ट्रॅक काढला : सरळ पट्टा, दोन उजवी वळणं, मग एक लांबलचक डावं वळण.

“दिवा कुठे लागला?”

तिने डाव्या वळणाच्या मध्यावर फुली मारली.

“आणि दुसऱ्यांदा?”

खडू पुन्हा तिथेच गेला. तिचा हात अर्ध्यावर थांबला.

“सरळ पट्ट्यावर प्रेशरचा काटा किती होता?”

“साडेतीन. ऑइलचं तापमान सव्वाशे.”

“मला तिथे चार हवेत. म्हणजे ऑइल थोडं पातळ पडतंय हे खरं. पण दिवा पातळपणाने लागला असता तर पट्ट्यावरही लागला असता. तो एकाच वळणावर लागतो.” ते उठले, गाडीपाशी गेले आणि ऑइल मोजायची पट्टी ओढून पुसून पुन्हा बुडवली. ऑइल खालच्या खुणेला टेकलं होतं.

सून ओशाळली. रुग्णवाहिकेची पट्टी ती रोज न चुकता पाहत असे. घरची गाडी मात्र घरच्या माणसासारखी गृहीत धरली होती.

थांबाजी रागावले नाहीत. ते गॅरेजामागच्या घरातून परात घेऊन आले. तिच्यात थोडं जुनं ऑइल ओतलं, मधोमध चमचा धरला आणि परात कलती केली. ऑइल कडेला पळालं, चमचा कोरडा राहिला.

“चमचा म्हणजे इंजिनाचा ऑइल ओढणारा पंप. लांब वळणावर ऑइल असं एका अंगाला जातं आणि पंप हवा ओढतो. आता यात तुझं जाड ऑइल ओत.”

तिने ओतलं. परात कलती केली, मग सरळ केली. कडेला गेलेलं ऑइल परत यायला जीव घेत होतं.

“जाणारा जातोच,” थांबाजी म्हणाले. “जाड असेल तर परत यायला उशीर करतो, एवढाच फरक.”

दारातून सासूबाई म्हणाल्या, “अहो, ती परात माझी आहे.”

“होती,” थांबाजी म्हणाले.

एवढं शहाणपण माणूस जन्मतः घेऊन येत नाही. हात धुवायच्या नळावर, साबणाशेजारी, ते एक जळालेलं बेअरिंग ठेवत. चंद्रकोरीसारखा धातूचा तुकडा, मधोमध काळा पडलेला. पंचविशीत असताना त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या इंजिनात, त्याने मागितलं म्हणून, बाजारातलं सगळ्यात जाड ऑइल घातलं होतं. थंडीतली सकाळ, मालकाने गाडी सुरू केली आणि लगेच पळवली. ऑइल पोचायच्या आत बेअरिंग गेलं. मालक म्हणाला, चूक माझी. थांबाजींनी ते कधीच मान्य केलं नाही. त्याने मागितलं, पण घातलं मी, असं ते म्हणत, आणि दिवसातून दहा वेळा हात धुताना त्या तुकड्याकडे बघत.

गुरुवारी त्यांनी इंजिनाच्या तळाचं, ऑइल साठतं ते चेंबर उतरवलं. आत आडवी पत्र्याची पट्टी जोडली, भोकं पाडून, म्हणजे ऑइल पंपाकडे येईल पण वळणावर एकदम निसटणार नाही. शुक्रवारी चाळिशीचं ऑइल घातलं. “एक पायरी वर,” ते म्हणाले, “दोन नाही.” बरोबर वरच्या खुणेपर्यंत भरलं. त्याहून जास्त भरलं तर फिरता दांडा ऑइल घुसळून फेस करतो आणि फेसाने काही वंगण होत नाही. जेवायला तीन हाका आल्या. तिसऱ्या हाकेला ते ऑइल मोजायची पट्टी उजेडात धरून उभे होते.

शनिवारी त्यांनी सुनेला एवढंच सांगितलं, “आधी इंजिन सावकाश तापू दे. आणि तापमान एकशे तीसला टेकलं तर पट्ट्यावर वरचा गिअर लवकर टाक. फेरीमागे एखादा सेकंद जाईल. जाऊ दे.”

रविवारी लांब डाव्या वळणावर सुनेचं सगळं लक्ष प्रेशरच्या काट्याकडे होतं. पहिल्या फेरीला काटा हलला नाही. सातव्या फेरीला नाही, आठव्याला नाही. तिने श्वास सोडला आणि मग मन लावून गाडी चालवली. चौदाव्या फेरीला तापमान एकशे तीसला टेकलं. हाताशी वेळ फार नव्हता. एकूण अकरा सेकंदांची शिल्लक होती आणि सहा फेऱ्या बाकी होत्या. बुधवारची ती असती तर तिने दामटली असती. तिने वरचा गिअर टाकला. इंजिनाचा आवाज उतरला, फेरीमागचा सेकंद गेला. पण पुढच्या दोन फेऱ्यांत तापमान एकशे सव्वीसवर आलं आणि तिथेच राहिलं.

वीस फेऱ्या झाल्या. ती गाडीतून उतरून धावत थांबाजींकडे आली. परीक्षक मागून घड्याळ आणि कागद घेऊन येत होते.

“बाबा, पाच सेकंद राखून झालं. पहिली आले मी.”

“थांब,” थांबाजी म्हणाले. परीक्षकांनी कागदावर सही करून मान डोलावली, तेव्हाच त्यांनी बॉनेट उघडलं. थोडा वेळ तसेच उभे राहिले, ऑइल खाली उतरू दिलं, मग पट्टी काढली. वरच्या खुणेहून केसभर कमी. दोन बोटांवर ऑइल घेऊन चोळलं, वास घेतला. जळका वास नव्हता. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो ऑइलचाच.

तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, वेळ किती, काटा किती, पहिली कशी, सगळं. मग म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. त्यांना म्हणावं, येताना नवी परात घेऊन या. रिकाम्या हाताने आलात तर आज दारात ‘थांबा’ मी म्हणणार आहे.”

परात घ्यायला दोघं दुकानात गेले. सुनेने पहिलीच उचलली. थांबाजींनी ती तिच्या हातातून घेतली, काउंटरवर ठेवली आणि कुठे कलते का ते बघायला खाली वाकले. दुकानदार घाईत होता.