लीलावतीकाकूंच्या बातम्या

मधुसूदनकाका पहिल्यांदा माझ्या दारात आले ते भांडायलाच. ओळख ना पाळख, एकदम, "तुझा इन्व्हर्टर बंद कर आधी!"

२०१३चा हिवाळा. मी मूळची साताऱ्याची, बँकेतल्या बदलीमुळे लखनऊला आलेले. महानगर नावाच्या वस्तीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागून आठच दिवस झालेले. मी कसली ऐकून घेतेय! म्हटलं, "आधी नीट बोलायला शिका, काका." आणि दार आपटलं.

मग खालच्या कामवालीकडून कळलं. काकूंना, म्हणजे लीलावतीकाकूंना, वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचाच गेली. घास पुढे केला की तोंड घट्ट मिटायच्या. मात्र संध्याकाळी काकांच्या जुन्या रेडिओवर दूरचं मराठी केंद्र लागलं, बातम्या सुरू झाल्या, की तोंड उघडायच्या. तेवढ्या दहा मिनिटांत जे पोटात जाईल ते खरं. आणि आठवडाभर बातम्यांच्या जागी नुसती खर्रर्र! काकांचा संशय माझ्या इन्व्हर्टरवर. काकू उपाशी आणि काका पिसाळलेले.

काका निवृत्त शास्त्रज्ञ. प्रयोग केल्याशिवाय राहतात होय? एका संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या अकरा घरांचे मेन स्विच एकदम बंद करायला लावले, तेही ऐन सीरियलच्या वेळेला. समोरच्या मिश्राभाभी कुरकुरल्या, "अंकलजी, आज तो शादी का एपिसोड है!" पण केला हं बंद. सगळ्यांनी केला, मीसुद्धा. अख्खी गल्ली अंधारात आणि खरखर जशीच्या तशी.

शेवटी काकांच्या ओळखीतल्या शरद नावाच्या इंजिनिअरने फोनवर उलगडा केला. शेजारच्याच फ्रिक्वेन्सीवर नवं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. जुन्या सेटवर त्याची नुसती खरखर ऐकू येते. उपाय काही नाही. मोबाईलवर रेडिओ लावावा तर नेट दर मिनिटाला अडकायचं.

दुसऱ्या दिवशी काका अकराही घरी माफी मागत फिरले. माझ्या दारात मान खाली घालून म्हणाले, "तुला उगाच बोललो गं. पण आता हिला भरवू कसं, तेच कळत नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. संध्याकाळी मी खाली गेले, मोबाईलवर मराठी बातम्या उघडल्या आणि मोठ्याने वाचायला लागले. बँकेतली सर्क्युलरं वाचायची सवय, सुटले सुसाट. काकूंनी वरणभाताचा पहिला घास घेतला, मग दुसरा. मी आणखीच जोरात.

खरं सांगू? त्या मेल्या खरखरीचे माझ्यावर उपकारच झाले. परक्या गावात माझी वाट बघणारं कुणी नव्हतं, ते मिळालं.

पाचव्या दिवशी मी अशीच धडाधड वाचत सुटले होते, तर काकूंनी डावा हात माझ्या मनगटावर ठेवला. कपाळाला आठी घातली. ओठ कितीतरी वेळ नुसतेच हलले.

"हळू… गं."

काकांनी चमचा ताटात ठेवून दिला. डोळे पुसायचंही भान नाही त्यांना. मला म्हणाले, "उद्यापण अस्संच भराभर वाच, मुक्ता. रागावू दे तिला."