डाग काढायचं बटण

लाखांदुरात माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पण मला विचाराल तर मी फोटोग्राफर. गावाला विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल. कॅमेरा घेऊन चार वर्षं झाली. पहिली तीन वर्षं माझे फोटो नुसतेच वाईट यायचे. मग मी लॅपटॉपवर फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं आणि ते रंगीबेरंगी वाईट यायला लागले. ढग जांभळे, धान पोपटी, तलावाचं पाणी शाईसारखं. बायको एकदा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या फोटोतलं लाखांदूर कुठं हाय जी? एक दिवस घेऊन चला मले."

तरी मी थांबलो नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला मापही नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये काही नवं आलं की मी ते कुणाच्या ना कुणाच्या तोंडावर करून पाहायचो. शेजारच्या किराणा दुकानदाराला मी बर्फाच्या डोंगरात नेलं, त्याच्या म्हशीला समुद्रकिनारी. म्हैस बरी दिसली.

यंदा भाऊबीजेला बपेऱ्याला गेलो, मोठ्या बहिणीकडे. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. घरात तिला सगळे बाई म्हणतो. तिच्या हृदयाचं ऑपरेशन नागपूरला ठरलं होतं. ओवाळून झाल्यावर म्हणाली, "माहा एक चांगला फोटो काढून दे. ऑपरेशनले जायच्या आधी फ्रेम करून पायजे."

"कायले?" मी विचारलं, उत्तर माहीत असूनही.

"काही झालं त पोरं आधार कार्डाचा फोटो मोठा करतेत. शेजारच्या म्हातारीचा तसाच लावला. पोलिसायनं धरून आनल्यावानी दिसते बिचारी."

खोटं नव्हतं. तेरवीच्या घाईत आमच्याकडे हेच होतं, आणि पुढची वीस-तीस वर्षं माणूस भिंतीवरून तसाच दचकून पाहत राहतो. भीती तिलाही होती, मलाही, दोघंही हसलो. अंगणात खुर्चीवर बसवून मी तिचा फोटो काढला.

घरी आल्यावर मात्र माझे हात शिवशिवले. सॉफ्टवेअरमध्ये नुकतंच एक बटण आलं होतं, 'डाग काढा'. ते दाबलं की यंत्र स्वतःच चेहऱ्यावरचे डाग शोधून पुसतं. मी दाबलं. सुरकुत्या अर्ध्या केल्या, मागे अंगणाऐवजी फुललेला गुलमोहर लावला. बाई बँकेतून निवृत्त झाल्यासारखी दिसायला लागली. खूश होऊन मी तो जुन्याच फोटोवर सेव्ह केला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड साफ करून तलावावर बदकं टिपायला गेलो. मूळ फोटो कधी खोडू नये, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मीच सांगत असतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

फोटो बाईच्या सुनेच्या मोबाइलवर पाठवला. दुपारी बाईचा फोन.

"फोटो भेटला. बढिया हाय. पन कोनाचा व्हय?"

"तुहाच ना, बाई."

"मंग माहं गोंदन कुठं गेलं?"

मी लॅपटॉप उघडला. कपाळावरची उभी रेघ, हनुवटीवरचे तीन ठिपके, गालावरचा एक, सगळं साफ. यंत्राच्या लेखी ते डागच होते. यंत्राला काय बोल लावणार? मी स्वतः तो फोटो दहा वेळा पाहिला होता आणि मला त्यात काही कमी वाटलं नव्हतं.

"सात वर्साची होती मी," बाई म्हणाली. "मायनं मांडीवर दाबून धरून गोंदवलं. दागिने सारे इथंच राहतेत बाबू, गोंदन तेवढं संग येते. आन् तू तेच पुसून टाकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त झोंबलं.

"थांब, आत्ता काढून देतो," म्हणत मी फोन कानाशी धरूनच पडद्यावरचा ब्रश उचलला. कपाळावर रेघ ओढली. हनुवटीवर तीन ठिपके दिले. गालापाशी येऊन हात थांबला.

"बाई, तो गालावरचा... उजव्या गालावर ना?"

ती म्हणाली, "तुले नाही मालूम?" आणि फोन ठेवला.

मी तिचे जुने फोटो शोधायला बसलो. बदकं निघाली, म्हैस निघाली, एकाच पळसाचे चाळीस फोटो निघाले. बाई फक्त भाच्याच्या लग्नाच्या फोटोंत होती, आणि ते बटण आल्या आल्या मी त्या लग्नातल्या सगळ्या वऱ्हाडावर एकदम फिरवलं होतं. तिच्या कडेवर बसून मी तो ठिपका नखानं उकरायचो, असं माय सांगायची. छप्पन वर्षांचा झालो आणि तो कोणत्या गालावर आहे ते मला सांगता येईना. मला माझीच शरम वाटली. ऑपरेशनला तीन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बायकोवर टाकून निघालो. लाखांदूरहून भंडारा, तिथून तुमसर, तिथून बपेरा, तीन एसट्या. बाई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी घाईघाईनं पिशवीतून कॅमेरा काढू लागलो.

"ठेव तो डब्बा," ती म्हणाली. "आधी बस समोर. पाह्य."

मी बसलो. हातात काही न धरता तिच्याकडे इतका वेळ कधी पाहिलं होतं, आठवेना. कपाळावरची रेघ मी ओढली होती तशी सरळ नव्हतीच. वर जाता जाता कलली होती, बहुतेक सात वर्षांच्या पोरीनं तिथंच मान झटकली असेल. हनुवटीवरचे ठिपके हिरवट होऊन पसरले होते. श्वास घेताना तिच्या गळ्याजवळची शीर उडत होती. ती गेली तर, असं मनात आलं आणि माझे डोळे भरले.

"रडून रायलास त दिसन कसं?" ती म्हणाली. मी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा पाहिलं.

थोड्या वेळानं तिनं सूप बाजूला सारलं. "आता डोळे मिट."

मी मिटले.

"सांग, कोनत्या गालावर?"

"डाव्या," मी म्हणालो. "डोळ्याच्या दोन बोटं खाली."

"हं," ती म्हणाली. "आता काढ."