बरणीतला साप

शाळेत शिक्षिका म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते. भिलाईच्या त्या हिंदी शाळेत नववीच्या मुलांना प्राणिशास्त्राची ओळख करून द्यायची, ती गांडुळापासून क्रमानं. पण मला दम कुठला? मी थेट सापांवर आले. फळ्यावर दोन साप काढले, बिनविषारी कवड्या आणि जहाल मण्यार. दोन्ही काळपट, दोन्हींवर पांढरे पट्टे. घंटा व्हायच्या आत घाईघाईनं खाली नावं लिहिली, हिंदी आठवेनात म्हणून मराठीच. मुलांनी वह्यांत उतरवून घेतलं.

आठवड्यानं पुढच्या बाकावरची मुलगी लोणच्याची काचेची बरणी घेऊन माझ्या टेबलाशी आली. तिचे वडील स्टील प्लांटात कामाला, घर आमच्यासारखंच विदर्भातलं. बरणीत मण्यार होता. मी झाकण घट्ट फिरवलं. वर्गात कधी मराठी न बोलणारी मी एकदम घरच्या बोलीवर आले.

"तुनं हात लावला काय याले?"

"हो मॅडम. क्वार्टरच्या मागे विटांखाली होता. कवड्या होय ना? बिनविषारी!"

"चावला का?"

"नाही. मले तर काहीच नाही झालं."

तेच तर भय होतं. मण्यार चावलेलं कित्येकदा दुखत नाही, खूणही दिसत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, मग श्वास. मी तिला रिक्षात घातलं, बरणी मांडीवर घेतली आणि दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत इथंच राहू द्या. डोळ्यांवर लक्ष ठेवा."

मी तिच्या पापण्यांकडे बघत बसले. तिनं जांभई दिली की मी वाकून तिचे डोळे तपासायची. ती मात्र दप्तरातून वही काढून मला दाखवत होती, "हे पाहा ना, असाच तर आहे." पानावर माझंच चित्र होतं. मण्यारच्या चित्राखाली 'कवड्या'. नावांची अदलाबदल मी केली होती. आणि खाली लाल शाईनं माझा शेरा: 'बहुत सुंदर'. न बघता दिलेला. मला स्वतःची किळस आली.

प्लांटातली पाळी सुटल्यावर तिचे वडील आले, हातात हेल्मेट.

"तुम्ही होत्या म्हणून बरं झालं, मॅडम."

हे आभार माझ्यानं घेववेनात. मी वही त्यांच्यापुढे धरली आणि चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं.

"तुमच्या भरोशावर हात घातला तिनं," एवढंच बोलून ते लेकीच्या उशाशी बसले. मीही उठले नाही.

सकाळी डॉक्टरांनी तिला तपासून घरी न्यायला सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून रडून घेतलं. वळून बघते तर ती खाटेवर बसून दोन्ही नावं खोडत होती. बरोबर लिहून तिनं वही माझ्यापुढे केली.

"मॅडम, आता पाहून सही करजा."

मी ते पान तीनदा वाचलं, मगच सही केली.