तीन कामं सोडलेली बाई

“नवरेसुद्धा असेच बदलतेस का गं?” लेबर ऑफिसरने विचारलं आणि सगळी खोली हसली.

ठाण्यातल्या एका कापडगिरणीतली खोली. टेबलाशी साहेब, बाजूला कारकून, आणि मला आत घेऊन आलेली वायंडिंग खात्याची नायकीण, म्हणजे तिथल्या बायांवरची मुकादमीण. आमच्या कोलशेत गावचीच ती. तिनेही पदर तोंडाला लावला. रिळं भरायच्या कामाला बाया हव्या होत्या. माझा नवरा रेतीच्या होडीवर पाठ मोडून घेऊन घरी पडलेला. दोन पोरं, सासू, सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. हे काम मला मिळायलाच हवं होतं.

साहेबाने विचारलं होतं, आधी कुठे कुठे होतीस आणि का सोडलंस. मी सांगितलं. मिठागर सोडलं, सासू आजारी होती. कल्याणची भातगिरणी सोडली, सासू आजारी होती. काडेपेटीचा कारखाना सोडला, तेव्हाही सासूच. साहेबाला मजा वाटली.

सासू ठणठणीत होती. त्या सकाळीही ती खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून निवट्या मासे धरत होती. पण आम्हा कामकरी बायांची रीतच तशी. काम का सोडलं असं कुणी विचारलं की सासू आजारी पाडायची, सासू नसेल तर आई. खरं कारण सांगितलं की भांडखोर ठरायचं, आणि भांडखोर बाईला कोण आत घेणार?

नवरे बदलतेस का. कानशिलं तापली माझी. रडू येईल असं वाटलं, आलं नाही. राग आला. आधी साहेबाचा, मग स्वतःचाच. मिठागरात माझ्या टाचा फाटून रक्त आलं तेव्हा शेठ म्हणाला होता, “मीठ लाल करू नको.” भातगिरणीत सुट्टी झाली की मुकादम झडतीच्या नावाखाली ओच्यात हात घालायचा. काडेपेटीच्या कारखान्यात तान्ह्या पोरीला पाजायला जरा आडोसा मागितला, तर सुपरवायझर म्हणाला, इथेच पाज, सगळ्यांसमोर. तिन्ही ठिकाणांहून मी उठून चालती झाले होते. माझ्या हातून तोवर घडलेल्या त्याच तीन धड गोष्टी. आणि त्याच मी लपवत होते. या तिघांची पापं माझ्या घरावर घेत होते.

कारकून शेरा लिहीत होता. काय लिहिता, मी विचारलं.

“टिकत नाही,” तो म्हणाला.

“खोडा ते. सासू धडधाकट हाय माजी. मी खोटं बोलले. आता खरं लिवा.”

मग तिन्ही कारणं सांगितली, न थांबता. ओच्याचंही सांगितलं. नायकिणीचा पदर तोंडावरून खाली आला. कारकुनाने लेखणी खाली ठेवली.

“मग लिहायचं तरी काय?” साहेब चिडला होता.

“लिवा, हिला तीन कामं येतात. चौथं शिकेल. आनि लिवा, हिच्या अंगाला हात लावलेला हिला चालत नाय.”

साहेबाने वही मिटली आणि दाराकडे बोट केलं. काम गेलं.

नायकीण माझ्यामागून फाटकापर्यंत आली. एवढं बोलायची काय गरज होती, आता शेजारच्या गिरणीतही कुणी घेणार नाही, असं काहीबाही म्हणत होती. मी तिला विचारलं, तू इथे किती वर्षं टिकलीस? बारा, ती म्हणाली. बारा वर्षांत तुला कुणी काही केलं नाही? पदर आवळून ती आत निघून गेली.

मला पस्तावा झाला का? पोरांनी दुसऱ्यांदा भात मागितला आणि भांड्यात नव्हता, तेव्हा झाला. खोटं कशाला सांगू. पण फाटकाबाहेर पडताना झाला नव्हता, आणि आज तर मुळीच नाही. लोक अजून म्हणतात, हिचं मन कुठे लागत नाही, हिला धरसोड फार. म्हणोत. मला आता पाच कामं येतात, कारण त्यानंतर मी आणखी दोन धरली आणि दोन्ही सोडली. दोन्ही वेळा सगळ्या बायांसमोर, मुकादमाच्या तोंडावर कारण सांगून. सहावंही सोडावं लागलं तर सोडीन, आणि ज्याच्यामुळे सोडलं त्याचं नाव घेऊन सोडीन.