तिसऱ्या बेसजवळचा चौकोन

काहीही न करता एखादा माणूस किती गोंधळ घालू शकतो हे ऐकायचं असेल, तर चहा जरा जास्त टाका. कारण त्या दिवशी मी खरोखर काही केलं नव्हतं. एका जागी उभी होते. तोंडावर मास्क होता, त्यामुळे बोललेही नव्हते. तरी दुपार संपेपर्यंत हॉलंडमधल्या नीउ-व्हेनेप गावातल्या बारा वर्षांखालच्या बेसबॉलची पार वाट लागली होती.

तुझा आणि बेसबॉलचा काय संबंध, असं विचाराल. काही नाही. तिथूनच तर सगळं सुरू झालं.

कोरोनाचा दुसरा मार्च होता. डेल्फ्टमधलं माझं मास्टर्स संपलं होतं. नोकरी लागली होती, पण ऑफिस मी फक्त स्क्रीनवर पाहिलं होतं. खोलीचा करार संपल्यामुळे मी केतकीताईकडे, म्हणजे माझ्या मावसबहिणीकडे, पोटमाळ्यावर राहत होते. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहेच. पार्सलवाल्याने बेल वाजवली तरी माझ्या हातातला चहा सांडतो. त्यात ती साथ. मी उघड्या मैदानातसुद्धा दोन मास्क लावायचे, आतून निळा आणि वरून आईने पुण्याहून पाठवलेला काठापदराचा. डच लोक उघड्यावर एकही लावत नव्हते. ते माझ्या मास्ककडे बघायचे आणि मी त्यांच्या नाकांकडे.

ताईची मुलगी इरा दहा वर्षांची. ती बेसबॉल खेळते, इथे त्याला हाँकबाल म्हणतात. आणि इथल्या क्लबात मूल घातलं की आईबापांनाही कामाला जुंपतात. ताईच्या वाट्याला कॅन्टीनमध्ये फ्राइज तळायचं काम आलं होतं, पण कॅन्टीन बंद. मग क्लबने तिला दुसरं काम दिलं आणि ताईने ते मला दिलं.

"मुक्ता, बुधवारी दुपारी इराबरोबर जाशील? माझ्या पाठोपाठ मीटिंगा आहेत."

"जाऊन काय करू?"

"सीझनच्या आधीचं ट्रेनिंग चालू आहे ना त्यांचं. कुठल्या मुलाला कुठे खेळवायचं ते ठरवतायत. नुसतं बघायचं आणि मार्क द्यायचे."

"ताई, मला बेसबॉलमधलं काही कळत नाही गं."

"मला तरी कुठे फ्राइज तळता येतात?"

तरी मी प्रामाणिकपणे क्लबच्या मुख्य प्रशिक्षकांना फोन केला. त्यांचं नाव रूड. साठीचे असतील, आणि आवाज असा की मी फोन कानापासून हातभर लांब धरला.

"खेळ येत नाही? उत्तम," ते म्हणाले. "फटके, फेक, झेल आम्ही बघू. तू एकच गोष्ट बघायची. कोण नीट लक्ष देतं आणि सांगितलेलं ऐकतं. दहापैकी मार्क दे. त्यावरून मी कॅचर ठरवणार."

कॅचर म्हणजे फटके मारणाऱ्याच्या मागे, तोंडाला जाळी आणि छातीला चिलखत बांधून उकिडवा बसतो तो. एवढं मी यूट्यूबवर पाहिलं होतं. मला वाटलं, शिक्षा झालेल्या मुलाला तिथे बसवत असतील.

तर बुधवारी आम्ही दोघी सायकलवरून निघालो. इराला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डचमध्येच देते. बाहेर तर मराठीचा एक शब्दही काढायचा नाही असा तिचा नियम.

"मावशी," ती डचमध्ये म्हणाली, "तिथे मला हात करायचा नाही. आणि पिल्लू म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार. तुला कुठे खेळायचंय?"

"कॅचर."

"ते चिलखत घालून? कशाला गं?"

"कॅचरला सगळं मैदान दिसतं. कोणी कुठे जायचं ते तोच ओरडून सांगतो, आणि सगळे ऐकतात." थोडं पेडल मारून झाल्यावर ती म्हणाली, "शाळेत मी वर्षभर म्यूटवर होते."

म्हणजे पोरीचं कॅचर होणं माझ्या मार्कांवर. पण मी तिथल्या तिथे मनाशी ठरवलं, वशिला अजिबात नाही. आमचे बाबा माझ्याच शाळेत शिक्षक होते आणि भाचे-पुतण्यांसकट घरातल्या प्रत्येक मुलाला दोन मार्क कमी द्यायचे. त्यांचं रक्त माझ्यातही आहे.

मैदानावर वारा असा की उभं राहणं हेच काम. पालकांना आत यायची बंदी, त्यामुळे ते सगळे जाळीच्या कुंपणाबाहेर थर्मास घेऊन उभे. रूडनी लांबूनच क्लबची टोपी माझ्याकडे भिरकावली. मी दचकले, ती खाली पडली, मी उचलली.

"घाल डोक्यावर. म्हणजे मुलांना कळेल तू आमची आहेस. आज आमचा एक प्रशिक्षक कमी आहे, घरात कोरोना निघालाय त्याच्या."

हे ऐकून मी आणखी दोन पावलं मागे सरकले. "मी कुठे उभी राहू?"

"जिथून सगळं दिसेल तिथे."

आता तुम्हीच आठवा ते दिवस. सुपरमार्केटात जमिनीवर पट्ट्या, बसथांब्यावर गोल, दवाखान्यात पावलांची चित्रं. वर्षभरात माझ्या अंगवळणी एकच गोष्ट पडली होती, जमिनीवर आखलेलं काही दिसलं की त्यात जाऊन उभं राहायचं. तिसऱ्या बेसच्या, म्हणजे धावत गाठायच्या तिसऱ्या ठिकाणाच्या, बाजूला चुन्याने आखलेला छान, ऐसपैस चौकोन होता. रिकामा. मी मनात म्हटलं, काय व्यवस्था आहे बघा, गवतावरसुद्धा अंतर आखून ठेवलंय. आणि त्यात जाऊन उभी राहिले. खेळ संपेपर्यंत रेषेवर पाऊल पडू दिलं नाही.

खेळ सुरू झाला. रूड मधोमध उभे राहून चेंडू टाकत होते, त्यामुळे त्यांचं तोंड फटके मारणाऱ्या मुलाकडे. एक मूल बॅट घेऊन उभं, दुसरं पहिल्या बेसवर. त्याने योग्य वेळी दुसऱ्या बेसकडे धावायचं, एवढं मला समजलं होतं.

पहिल्या बेसवर एक सोनेरी केसांचा मुलगा होता. तो माझ्याकडे टक लावून बघायला लागला. कोणी असं बघितलं की मला सुचेनासं होतं. काठापदराचा मास्क नाकावरून घसरला, मी कानामागची दोरी ओढली. आणि पोरगा सुटला. चेंडू अजून रूडच्या हातात. त्यांनी आरामात वळून दुसऱ्या बेसवर फेकला, पोरगा बाद.

मी लिहिलं, 'उतावळा. चार.'

मग एक उंच मुलगी आली. तीही माझ्याकडेच बघतेय. माझ्या चष्म्यावर वाफ धरली, मी मास्क वर घेतला, दोरी ओढली. ती पळाली. आता काय सांगू, मी घाबरले की माझा हात आपोआप सॅनिटायझरच्या बाटलीकडे जातो. मी खसाखसा हात चोळले. ती अर्ध्या वाटेत थबकली, उलटी फिरली आणि बाद झाली.

'द्विधा मनःस्थिती. तीन.'

पुढे वाऱ्याने टोपी उडायला लागली म्हणून मी ती पुढून गच्च धरली, तर बॅट घेऊन उभा असलेला धिप्पाड मुलगा, ज्याचे फटके कुंपणाबाहेर जातात असं इरा म्हणायची, त्याने बॅट फिरवलीच नाही. आडवी धरली आणि चेंडू तिला नुसता टेकू दिला. पुन्हा मी टोपी धरली, पुन्हा त्याने तेच केलं. मला तो जवळचा वाटला. 'चेंडूला घाबरतो. पाच,' मी सहानुभूतीने लिहिलं.

सबंध मैदानात एकच मूल मला समंजस दिसलं. फेम्के नावाची मुलगी. ती पहिल्या बेसवर उभी राहिली ती राहिलीच. मी मास्क ओढला, टोपी धरली, हात चोळले, शिंकसुद्धा दिली. ढिम्म. नजर लांब कालव्याकडे लागलेली. मला इतका आधार वाटला म्हणून सांगू. 'एकाग्र. कशानेही विचलित होत नाही. दहा.'

आणि मग इरा आली.

तिने पहिल्या बेसवर पाय ठेवला आणि माझ्यावर जी नजर रोखली, ती हलवेचना. मी मनात म्हणते, बाई गं, असं बघू नकोस, लोकांना वाटेल आपलं आधीच ठरलंय. मी अवघडून दुसरीकडे पाहिलं आणि दोरी ओढली. इरा सुटली. मी धसकून हात चोळले. इरा थांबली. घामाने मास्क घसरला, दोरी ओढली, इरा सुटली. बाटली काढली, इरा परत फिरली. बेसच्या मध्ये येरझाऱ्या घालता घालता ती चिखलात आडवी झाली आणि दातांत गवत घेऊन उठली. बाद.

पुढच्या तिन्ही वेळेलाही तेच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाबांचं रक्त. 'स्वतःवर ताबा नाही. दोन.'

एवढ्यात कोणाचा तरी फटका थेट माझ्या दिशेने आला. मी डोक्यावर दोन्ही हात घेऊन मटकन खाली बसले. चेंडू कुठेतरी लांब पडला. डोळे उघडून बघते तर मैदानावरची सगळी मुलं डोक्यावर हात ठेवून खाली बसलेली. एकटी फेम्के उभी.

रूड वळले. त्यांनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे पाहिलं, आणि सुट्टी जाहीर केली.

मग मार्क सांगायची वेळ आली. दीड मीटरचं अंतर, त्यात वारा, म्हणजे प्रत्येकाने ओरडूनच बोलायचं. कुंपणापलीकडचे पालकही शांतपणे ऐकत होते.

"आज मुलांना झालंय तरी काय?" रूड म्हणाले. "मला वाटलं होतं लक्ष द्यायला इरासारखं कोणी नाही. तिला किती दिलेस?"

"दोन," मी ओरडले.

"आणि सगळ्यात जास्त?"

"फेम्के. दहा."

बाकीच्या दोन प्रशिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. रूड म्हणाले, "फेम्केला मागच्या वर्षी एक सामना संपल्यावर कळलं की सामना होता."

आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला. चिखलाने माखलेली इरा, सगळ्या क्लबासमोर, खणखणीत मराठीत:

"मावशी, दोन काय? तूच तर सांगत होतीस पळ म्हणून! आणि मग थांब म्हणून! आणि परत पळ!"

रूडनी तिला विचारलं, काय म्हणालीस? तिने डचमध्ये सांगितलं. मध्ये कान दाखवला, टोपी दाखवली, हात चोळून दाखवले. रूडचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मुक्ता," ते म्हणाले, "तू त्या चौकोनात का उभी होतीस?"

"कोरोनामुळे."

"कोरोनामुळे?"

"अंतरासाठी आखलाय ना तो?"

कुंपणापलीकडे कोणाला तरी कॉफीचा ठसका लागला.

मग त्यांनी मला फार सौम्यपणे समजावलं. त्या चौकोनात संघाचा प्रशिक्षक उभा राहतो आणि न बोलता मुलांना खुणा करतो. गेल्याच आठवड्यात मुलांना त्या शिकवल्या होत्या. कान ओढला की पळायचं. टोपी धरली की चेंडू नुसता टेकवायचा. हात चोळले की आधीचं सगळं रद्द. क्लबची टोपी घालून मी चौकोनात उभी, मुलांनी जीव तोडून ऐकलं.

"आणि डोक्यावर हात?" मी विचारलं.

"ती आमच्याकडे नाही. मुलांना वाटलं नवीन असेल."

माझा विश्वास बसेना. रूडनी सगळ्या मुलांना एका ओळीत उभं केलं आणि मला म्हणाले, "जरा मास्क नीट कर."

मी केला. ओळच्या ओळ पळाली. फेम्के राहिली.

मला वाटलं जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मी कागद पुढे केला. म्हटलं, फाडून टाका, पुन्हा सगळं घ्या, मी घरी जाते.

"फाडायचे कशाला?" रूड कागद वाचत म्हणाले. "तुझे मार्क अगदी बरोबर आहेत. फक्त प्रत्येक आकडा दहातून वजा करायचा."

अशी इरा आठ मार्क मिळवून पहिली आली आणि कॅचर झाली. सायकलवरून घरी येताना ती मराठीत बोलत होती, एकसारखी, आणि सगळं माझ्याबद्दल.

पुढे जूनमध्ये सामने सुरू झाले, तेव्हा रूडचा फोन आला. मी आधीच माफी मागायला सुरुवात केली.

"ते राहू दे. तुझ्यासाठी जागा सापडलीय," ते म्हणाले. "खऱ्या खुणा मीच करणार, पण तू माझ्या शेजारी उभं राहायचंस. समोरच्या संघाला कळता कामा नये कोणाकडे बघायचं. आमच्या मुलांना सांगून ठेवलंय, तुझ्याकडे बघायचं नाही."

"पण मी तयारी काय करू?"

"काही नको. आहेस तशी ये."

गेले. पहिलाच सामना आम्ही जिंकलो. संपल्यावर समोरचा प्रशिक्षक हातात वही घेऊन आमच्याकडे आला. सगळा वेळ तो माझंच बघून लिहीत होता. इतक्या लहान मुलांना इतक्या अवघड खुणा कशा शिकवता, असं त्याने रूडना विचारलं.

"पद्धत भारतातली आहे," रूड गंभीरपणे म्हणाले. "यायला पंचवीस वर्षं लागतात."

तो वळून माझ्याकडे आदराने बघायला लागला. मी दचकले आणि टोपी सारखी केली. त्याने तेही लिहून घेतलं.