पोटरी धरली की थांबायचं

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. आम्ही तेव्हा दापोडीत राहायचो आणि आमचे हे कारखान्यात लेथवर होते. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाग. तोंड उघडायचं ते विडीसाठी. दिवसाला एक बंडल, जळो मेलं.

मग चालताना पोटरीत गोळा यायला लागला. थांबलं की जायचा, चाललं की यायचा. मी म्हटलं, विटेचा शेक देते. पुण्याच्या दवाखान्यात शेकाचं नाव काढताच डॉक्टरांनी मला झापलं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात, रक्त पोचत नाही, चटका बसला तरी कळायचा नाही. अंगठा काळसर पडलाच होता. विडी आजपासून बंद. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, दुखणं ओसरलं की पुन्हा चालायचं. दिवाळीपर्यंत उतार पडला नाही तर ऑपरेशन, आणि त्यानंही भागलं नाही तर पाय काढावा लागेल. मी तिथंच ह्यांच्या खिशातलं बंडल काढून घेतलं.

ह्यांना मात्र पाय जाण्यापेक्षा रस्त्यात थांबायची लाज मोठी. आणि देवाची करणी बघा, रेल्वे फाटकाकडे निघालं की पोटरी धरायची ती नेमकी एका शेजाऱ्याच्या दारात. त्याच्याशी ह्यांचं सांडपाण्यावरून कित्येक वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

पहिल्या दिवशी हे तिथं उभे राहिले आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हशीची चौकशी केली. तो चक्रावलाच. गडी भांडण मिटवायला आलाय असं समजून त्यानं घोंगडी टाकली आणि विडी पुढं केली. आता आली का पंचाईत! समेटाची विडी नाकारली तर भांडण दुप्पट, ओढली तर पाय. ह्यांनी ती कानावर ठेवली, मागनं ओढतो म्हणाले. रोज एक विडी कानावर यायची आणि मी ती चुलीत घालायची. एकदा तर हे धूर हुंगायला चुलीपाशी येऊन बसले, तशी मी फुंकणीच उगारली.

शेवटी मी आडावर त्याच्या बायकोला सांगितलं, ह्यांची विडी डॉक्टरांनी बंद केलीय. थांबण्याचं कारण तेवढं पोटात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून विडीच्या जागी भाजक्या शेंगा आल्या. म्हशीवरून गप्पा पावसावर गेल्या, पावसावरून जावयांवर. ह्यांचं खळखळून हसणं मी गल्लीत ऐकलं. घरात कधी ऐकलं नव्हतं, म्हणून थोडा रागही आला.

दिवाळीला डॉक्टरांनी पाय चाचपला. ऊब आली होती. ऑपरेशन नको, चालणं सोडू नका, विडीचं नाव जन्मात काढू नका. दुसऱ्याच दिवशी हे एकदाही न थांबता फाटकापर्यंत जाऊन आले. मी रडत रडत शिरा केला.

संध्याकाळी शेजारी आमच्या दारात उभा. आत येईना.

"आज सरळ पुढं गेलास. माझं काय चुकलं का?"

ह्यांनी मान खाली घातली. "न्हाई रे. पाय दुखायचा म्हणून थांबत होतो. आता बरा झालाय."

तो मग म्हणाला, "म्हंजे आता येणार न्हाईस?"

"येणार की. डॉक्टरनी सांगितलंय, तुझ्या दारात बसल्याबिगर पुढं जायचं न्हाई."

ह्यांच्या तोंडून खोटं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. डॉक्टरांसमोर मीही बसले होते. पण गप्प राहिले आणि त्याच्यासाठी शिऱ्याची ताटली भरली.